महापालिकेच्या शाळेत सहावीला प्रवेश घेण्यापूर्वी शाळेचा दर्जा कसा पारखावा?

मानेवाडा_पालक

नमस्कार. माझी मुलगी सध्या पाचवीत आहे. तिची खासगी शाळा पाचवीपर्यंतच असल्यामुळे जूनअखेरीस आपल्या नागपुरातल्या शाळा उघडतील तेव्हा तिला सहावीसाठी दुसरीकडे घालणे भाग आहे. घरापासून चालत जाता येईल अशी महापालिकेची आठवीपर्यंतची मराठी शाळा आहे आणि ऑटोने जावे लागेल अशी पाचवी ते दहावीची एक अनुदानित शाळा आहे. महापालिकेच्या शाळेचे नाव काढले की नातेवाईक नाक मुरडतात, पण त्यांच्यापैकी एकानेही तिच्या आवारात पाऊल ठेवलेले नाही, त्यामुळे त्यांच्या मताला मी फारसे वजन देत नाही.

मी स्वतः एकदा जाऊन आले. इमारत नुकतीच रंगवलेली आहे, भिंतींवर चित्रे आहेत आणि मुख्याध्यापिका मनमोकळेपणाने बोलल्या. परंतु एवढ्यावरून तिथे शिकवतात कसे हे मला कळले नाही. लहान वर्गांच्या बाबतीत मूल वाचते का, बेरीज-वजाबाकी करते का, हे पाहून अंदाज बांधता येतो. हायस्कूलच्या बाबतीत दहावीचा निकाल असतो. मधल्या तीन वर्षांसाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, नेमके काय पाहायचे? ज्यांनी अशा शाळेत मुले घातली आहेत किंवा जे शिकवतात, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सदर_रहिवासी

सुरुवात घरबसल्या करता येईल. प्रत्येक शाळेला 11 अंकी युडायस क्रमांक असतो आणि त्यावरून केंद्र शासनाच्या पोर्टलवर शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती कोणालाही पाहता येते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून ती प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. माझ्या मते त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे लागोपाठच्या वर्षांतली वर्गवार पटसंख्या. एका वर्षी पाचवीत असलेली मुले पुढच्या वर्षी सहावीत आणि त्याच्या पुढच्या वर्षी सातवीत दिसतात का, की दरवर्षी गळत जातात, हे त्यातून लक्षात येते. वस्तीतल्या पालकांनी त्या शाळेबद्दल काय ठरवले आहे, याचा तो बराच खरा हिशेब असतो.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या सर्वेक्षणांच्या आधारे मात्र एका शाळेविषयी काहीही ठरवू नये. ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी ग्रामीण भागात होते, त्यामुळे नागपूर शहर तिच्यात येतच नाही. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेले ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांमध्ये झाले आणि त्यातून जिल्ह्याचे चित्र मिळते, तुमच्या घराजवळच्या शाळेचे मिळत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

ताई, आपण विचारलेला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. माझी सर्व नोकरी उच्च प्राथमिक शाळांमध्ये झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

पाचवीपर्यंत एकच वर्गशिक्षक सर्व विषय शिकवतो आणि तो तळमळीचा असेल तर मुले उत्तम शिकतात. सहावीपासून हे गणित बदलते. पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, गुणोत्तर-प्रमाण, समीकरणे हे सगळे सहावीतच येते, सामान्य विज्ञान हा वेगळा विषय म्हणून समोर उभा राहतो, आणि ज्याला स्वतःला हे विषय मनापासून येत नाहीत असा शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी तो ते पुस्तकातून वाचून दाखवण्यापलीकडे जाऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वेगळी अट घातली आहे ती याच कारणाने: प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणिताचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक व भाषेचा एक असलाच पाहिजे, 35 मुलांमागे एक शिक्षक, पट शंभराच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन झाले पाहिजे, हेही त्याच अनुसूचीत आहे.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, की सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवते आणि त्या शिक्षकाची पदवी कोणत्या विषयातली आहे. ‘आमच्याकडे सर्वजण सर्व विषय शिकवतात’ असे उत्तर मिळाले तर पद रिक्त आहे असे समजून पुढची चौकशी करा. मुख्याध्यापकांच्या खोलीत वेळापत्रक लावलेले असते. त्यात शिक्षकांची आद्याक्षरे असतात. एकाच शिक्षकाची आद्याक्षरे एकाच तासाला दोन वर्गांपुढे दिसली, तर सहावी आणि सातवी एकत्र बसवली जातात हे न विचारताच कळते. संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद असणे, त्या पदावर माणूस असणे आणि तो माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे न जाता त्या वर्गात उभा असणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालकाला तिसरीशीच कर्तव्य असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वह्या, आणि माझा सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावर आहे. शाळेने काढून दाखवलेल्या वह्या पाहू नका. तुमच्या गल्लीतली जी मुले त्या शाळेत जातात, त्यांच्या घरी जाऊन गणिताच्या आणि विज्ञानाच्या वह्या मागा, आणि तेही आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण या दिवसांत त्या भरलेल्या असतात. जुलैत गेलात तर कोऱ्या पानांखेरीज काही दिसणार नाही. हुशार मुलाचीच नव्हे, मध्यम मुलाची वही अवश्य पाहा. मुलाने 1/2 + 1/3 = 2/5 असे लिहिले असेल आणि पानाच्या तळाशी लाल शाईत नुसती सही व तारीख असेल, तर ते पान तपासले गेले पण वाचले गेले नाही. त्याच चुकीभोवती गोल असेल, शेजारी ‘छेद समान कर’ असे लिहिलेले असेल आणि पुढच्या पानावर त्याच मुलाच्या अक्षरात 3/6 + 2/6 = 5/6 असे पुन्हा सोडवलेले असेल, तर त्या वर्गात शिक्षण चालू आहे असे खुशाल समजा. अशी पाने अधूनमधून दिसली तरी पुरे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक चूक रोज दुरुस्त करून घेणे कोणालाच शक्य नसते.

विज्ञानाच्या वहीत प्रश्नांची उत्तरे सर्व मुलांची शब्दशः सारखी असतील तर ती फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवलेली आहेत. त्या मुलाला सहज विचारा, की यंदा शाळेत कोणता प्रयोग तुझ्या हाताने केलास. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो, एवढेही ज्याने स्वतः करून पाहिले आहे, तो ते आनंदाने सांगतो. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही हे होऊ शकते आणि प्रयोगसाहित्याची पेटी वर्षानुवर्षे सीलबंद ठेवणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत.

इमारतीचा रंग, संगणक कक्ष, अभियानांचे फलक यांना मी कमी लेखत नाही, कारण नीटनेटकी शाळा मुलांना आवडते. परंतु या गोष्टी अनुदान आले की महिनाभरात होतात. वह्या तशा होत नाहीत.

त्रिमूर्तीनगर_बाबा

सरांचा अनुभव मोठा आहे, तरीही मला वेगळे मत मांडावेसे वाटते. वह्या पाहणे, वेळापत्रक वाचणे हे सर्वसामान्य पालकाच्या आवाक्यातले नाही. पालकाला तुलना करता येईल असा एखादा आकडा हवा असतो, आणि तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालातून किंवा प्रगतिपत्रकावरच्या श्रेणीतून मिळतो. ज्या शाळेची मुले दरवर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत चमकतात तिथे शिकवणे चांगलेच असणार. शिवाय मूल सभोवतालच्या मुलांकडून शिकते. अनुदानित शाळेत दहावीपर्यंतची सोय आहे, आठवीनंतर पुन्हा शाळा बदलावी लागणार नाही, सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, या गोष्टी ताईंनी हलक्या मानू नयेत असे मला मनापासून वाटते.

पदवीधर_शिक्षिका

मी सध्या सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

प्रगतिपत्रकावरच्या श्रेणीने दोन शाळांची तुलना करू नये. सहावीला 50 गुण आकारिक (वर्षभरातल्या कामावरच्या) आणि 50 संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेच्या) मूल्यमापनाचे असतात, सातवी-आठवीला 40 आणि 60. हे सर्व गुण त्या-त्या शाळेतले शिक्षकच देतात. एका शाळेतली अ-1 दुसऱ्या शाळेत ब-1 असू शकते आणि दोन्ही शिक्षक आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात.

शिष्यवृत्तीच्या यादीबद्दल माझा आक्षेप असा आहे, की ती बहुधा शाळेत कोण आले हे सांगते, शाळेने काय केले हे सांगत नाही. ज्या शाळेत घरी अभ्यास घेणारे पालक आणि शिकवणीची फी भरू शकणारी घरे जास्त आहेत, तिची यादी लांबच असणार. माझ्या वर्गात मध्य प्रदेश, छत्तीसगडकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलतात, मधूनच गावी जातात आणि महिन्याने परत येतात. सहावीत येताना ज्याला भागाकार येत नव्हता तो आठवीतून जाताना समीकरण सोडवत असेल, तर ती त्या शाळेची मोठी कामगिरी आहे, आणि ती कोणत्याही यादीत छापली जात नाही. ही वाटचाल मोजायची असेल तर नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांबद्दल विचारावे. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि नंतरच्या दोन संकलित चाचण्या राज्याकडून येतात, भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या असतात, आणि वर्गाचे एकत्रित चित्र शाळेकडे असते. ‘पायाभूतमध्ये जी मुले मागे होती त्यांच्यासाठी पुढे काय केले’ असे विचारल्यावर ज्या शिक्षकाकडे त्या मुलांची नावे आणि केलेली कृती दोन्ही तयार असतात, त्या शाळेत मी माझे मूल निश्चिंतपणे घालीन.

एका परीक्षेकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. एनएमएमएस ही आठवीतल्या मुलांची शिष्यवृत्ती शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठीच आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असले आणि मूल पात्र ठरले, तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. येथे किती उत्तीर्ण झाले यापेक्षा आठवीच्या पटापैकी किती मुलांना बसवले हे विचारा. निवडक चार मुलांना बसवणारी शाळा आणि सगळ्या पात्र मुलांचे अर्ज भरून घेऊन त्यांचा सराव घेणारी शाळा, यांच्यात फार मोठा फरक आहे.

सरांनी सांगितलेली वह्यांची कसोटी मलाही पटते, फक्त ती लावताना एका गोष्टीचे भान ठेवावे. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. पण त्या तीन नावांखाली आणि त्यांच्या बाहेरही, ऑनलाइन माहिती भरण्यासह, इतके काम येते की मतदारयाद्यांच्या दिवसांत माझ्याही वर्गाच्या वह्या तुंबतात. एखाद-दुसऱ्या महिन्याची रिकामी पाने पाहून शिक्षकावर शिक्का मारू नये. संपूर्ण वर्षाची वही चाळावी आणि त्या कामावरून परतल्यावर शिक्षकाने मागचे भरून काढले आहे का, ते पाहावे.

समिती_सदस्य_आई

माझी दोन्ही मुले महापालिकेच्या शाळेत शिकली आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. समितीचे इतिवृत्त मागून घ्या आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचा. सर्व ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ आणि सर्व सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने केलेल्या असतील, तर समिती कागदावर आहे. ‘सातवीला दोन महिने विज्ञानाचे शिक्षक नाहीत, झोन कार्यालयाला पत्र द्यावे’ अशी नोंद असेल आणि पुढच्या सभेत त्या पत्राचे काय झाले हेही लिहिलेले असेल, तर तिथले पालक जागे आहेत. आमच्या शाळेत अशाच पत्रांच्या पाठपुराव्याने शिक्षक मिळाले, हे मी स्वतः पाहिले आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलायला संकोच करू नये. सहावी ते आठवी याच वयात मुलींची पाळी सुरू होते. स्वच्छतागृह वेगळे आहे हे युडायसवर लिहिलेले असते. त्याला आतून कडी आहे का, दुपारी तीन वाजता नळाला पाणी असते का, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे तिथे लिहिलेले नसते. एका शाळेत मी असे पाहिले, की स्वच्छतागृह उत्तम बांधलेले होते आणि त्याची किल्ली कार्यालयात असायची. पाचवीपर्यंत रोज येणाऱ्या मुली तिथे सातवीत महिन्यातून काही दिवस घरी राहू लागल्या होत्या. हजेरीपटात मुलींची हजेरी वेगळी काढून पाहिली असती, तर हे कोणाच्याही ध्यानात आले असते.

पोषण आहार शिजताना एकदा जाऊन यावे. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला 150 ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मार्च-एप्रिलमध्ये पिण्याचे पाणी आणि वर्गातले पंखे चालू आहेत का, हेही तेव्हाच दिसेल.

निवृत्त_मुख्याध्यापक

त्रिमूर्तीनगरच्या पालकांनी सेमी इंग्रजीचा आणि आठवीनंतरच्या बदलाचा मुद्दा काढला, तो रास्त आहे.

सेमी इंग्रजी पारखणे कठीण नाही. त्या वर्गातल्या मुलाला विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा आणि मग पुस्तक मिटवून तेच मराठीत, हवे तर हिंदीत, समजावून सांगायला सांगा. वाचन अस्खलित आणि समजावणे शून्य, अशी स्थिती अनेक मुलांची आढळली, तर त्या शाळेत इंग्रजीमुळे विज्ञान हातचे जात आहे. ताईंची मुलगी जर इंग्रजी माध्यमातून येत असेल, तर पहिले काही महिने तिला मराठीतल्या संज्ञा नव्या वाटतील. छेद, अंश, लसावि हे शब्द तिला कोण समजावून देणार, हे शिक्षकांना आधीच विचारून ठेवावे.

आठवीनंतरच्या बदलासाठी शाळेला एकच विचारा: मागील वर्षी आठवी झालेली मुले आज नववीत कुठे आहेत? चांगल्या मुख्याध्यापकाला हे बहुतेक सर्व मुलांबद्दल सांगता येते, कारण त्याने स्वतः त्यांच्या प्रवेशासाठी धावपळ केलेली असते. दाखला दिला आणि काम संपले असे जिथे आहे, तिथे उत्तर मिळणार नाही.

त्रिमूर्तीनगर_बाबा

शिष्यवृत्तीच्या यादीबद्दल शिक्षिका मॅडमचे म्हणणे मला पटले. बदलाबद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. चौदाव्या वर्षी नवी शाळा, नवे शिक्षक आणि लगेच दहावीची तयारी, हे सगळ्याच मुलांना झेपत नाही. दोन्ही शाळांत शिकवणे सारखेच निघाले, तर ताईंनी दहावीपर्यंतची शाळा निवडावी.

मानेवाडा_पालक

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे गल्लीतल्या मुलांच्या वह्या मागितल्या आणि दोन्ही शाळांची वेळापत्रके पाहून आले. महापालिकेच्या शाळेत गणित-विज्ञानाला विज्ञान पदवीधर शिक्षक आहेत आणि सातवीतल्या एका मुलाच्या वहीत चुकलेली उदाहरणे पुन्हा सोडवून घेतलेली ठिकठिकाणी आढळली. सामाजिक शास्त्रांचे पद मात्र रिक्त आहे आणि तो विषय भाषेच्या शिक्षिका सांभाळतात. अनुदानित शाळेत सर्व विषयांना शिक्षक आहेत, परंतु सहावीच्या एका तुकडीत साठाच्या वर मुले आहेत आणि पाहिलेल्या वह्यांमध्ये सहीखेरीज काही नव्हते. स्वच्छतागृह दोन्हीकडे ठीक आहे. महापालिकेच्या शाळेत कडी मोडलेली होती, ती मुख्याध्यापिकांनी लिहून घेतली. नववीला बदल करावा लागेल, हे आम्ही घरात बोललो आणि ते स्वीकारायचे ठरवले. मुलीला महापालिकेच्याच शाळेत घालणार आहोत.

आता एकच अडचण उरली आहे. सध्याची खासगी शाळा फीची थकबाकी पुढे करून शाळा सोडल्याचा दाखला द्यायला टाळाटाळ करत आहे. दाखल्यावाचून प्रवेश अडेल का?

पदवीधर_शिक्षिका

अडणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नवी शासकीय किंवा अनुदानित शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिकांच्या नावे प्रवेशाचा लेखी अर्ज द्या, सोबत जन्मदाखल्याची व पाचवीच्या प्रगतिपत्रकाची प्रत जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. जुन्या शाळेकडेही दाखल्याची मागणी तोंडी न ठेवता लेखी करा. मुलीची ऑनलाइन नोंद आपल्याकडे वर्ग करण्याची विनंती नवी शाळा पाठवते. त्यासाठी जुन्या शाळेचा युडायस क्रमांक लागेल, तो प्रगतिपत्रकावर छापलेला असेल तर तेथून घ्या, नसेल तर पोर्टलवर शाळेच्या नावाने मिळेल. आणि सामाजिक शास्त्रांच्या रिक्त पदाचा विषय व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच सभेत इतिवृत्तावर येईल, एवढे पाहा.